फी माफ, तरी पहिल्याच महिन्यात ३६ हजार? बाहेरगावी शिकायला जाण्याचा खरा हिशोब

सीईटीचा निकाल लागला की घराघरात एकच आकडा फिरायला लागतो, कॉलेजची फी. ती किती, सवलत किती, हप्ते पडतील का. मुलगा किंवा मुलगी राहणार कुठे, हा विषय मात्र प्रवेश पक्का झाल्यावर निघतो. तोही 'महिन्याचे किती पडतील?' या एका प्रश्नावर संपतो.

गडबड तिथेच होते. महिन्याचा खर्च बहुतेक घरं कशीबशी जुळवतात. ओढाताण होते ती पहिल्या महिन्याची.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातली मुलगी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून झालेला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पण त्यात खोलीचं भाडं नाही, मेस नाही, डिपॉझिट नाही. 'मुलींचं शिक्षण मोफत' एवढंच ऐकून निघालेल्या घराला हा फरक कळतो तो कॉटची चौकशी करताना.

३६ हजार येतात कुठून?

समजा, परभणीची एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आली. कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून कॉट बेसिसवर राहायचं ठरलं. आकडे उदाहरणापुरते धरू, कारण पेठेत, कोथरूडला आणि नऱ्हे-आंबेगावला भाव वेगवेगळे असतात.

कॉटचे महिना ६,५०० आणि मेसचे ३,५००. बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात. ते जेवण आणि रोजचा नाश्ता मिळून १,५०० धरू. बसचे ८००. रिचार्ज, झेरॉक्स, औषध, साबण-शाम्पूचे १,२००. एकूण १३,५००. घरी सांगितला जातो तो हा आकडा.

आता पहिला महिना बघू. दोन महिन्यांचं डिपॉझिट १३,०००. गादी, उशी, बादली, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड यांचे ४,०००. सोडायला आलेल्या वडिलांसह दोघांचा प्रवास आणि बाहेरचं जेवण ३,०००. ड्राफ्टर, एप्रन, सुरुवातीची पुस्तकं २,५००. त्यात नेहमीचे १३,५०० मिळवले की होतात ३६,०००. ही रक्कम लागते कॉलेजची उरलेली फी भरण्याच्याच दोन-तीन आठवड्यांत, आणि शेतकरी घरात पेरणी नुकतीच उरकलेली असताना.

यातलं काय कमी होऊ शकतं? सामानाचे पैसे थोडेफार. गादी आणि बादली पुण्यातच घ्यावी आणि शक्यतो कोर्स संपवून जाणाऱ्या मुलांकडून. पांघरूण, ताट-वाटी घरून आणावी. प्रवासात मुलींना एसटीमध्ये तिकिटाला ५० टक्के सवलत आहे, ती मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना लागू आहे. पण सगळ्यात मोठी रक्कम डिपॉझिटची, आणि ती वाचवण्यापेक्षा बुडू न देणं महत्त्वाचं.

सीट पक्की नसताना कॉट पक्की करू नका

कॅपच्या पहिल्या फेरीत एखादं कॉलेज मिळालं आणि बेटरमेंटचा पर्याय ठेवला, तर पुढच्या फेरीत कॉलेज बदलू शकतं. नुसतं कॉलेज नाही, शहरही. तरी 'नंतर चांगल्या खोल्या उरत नाहीत' या धाकाने पालक पहिल्याच फेरीला डिपॉझिट भरून मोकळे होतात. सीट बदलली की मालक म्हणतो, बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत. मग तो वाद परभणीहून फोनवर घालायचा!

त्यामुळे सीट फ्रीझ होईपर्यंत फार तर छोटी टोकन रक्कम द्यावी, तीही लेखी पावती घेऊन. डिपॉझिट भरताना पावतीवर चार गोष्टी हव्यात. रक्कम किती, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, पैसे किती दिवसांत परत मिळणार आणि कशाबद्दल कापले जाणार. पैसे ऑनलाइन पाठवावेत, म्हणजे नोंद राहते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाडं आणि मेस चालू राहणार का, तेही त्याच वेळी विचारून घ्यावं. मेसला किती दिवसांचा खाडा धरतात, यावरून वर्षाला काही हजारांचा फरक पडतो.

चौघांनी मिळून फ्लॅट घेतला तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगतो त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवणं मालकावर येतं. हे माहीत असलेला मालक सहसा नोंदणी टाळत नाही.

बिलात जीएसटी लावलेला दिसला तर मात्र थांबून विचारा. १५ जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटी माफ आहे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक कॉट या मर्यादेत बसतात.

योजनेचे पैसे मिळतात, पण जुलैमध्ये नाही

शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर राहणं-जेवण मोफत होतं, त्यामुळे तो अर्ज आधी भरायचा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी स्वयं, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वेगळा वसतिगृह निर्वाह भत्ताही मिळतो. कोणाला काय लागू, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्याच आठवड्यात विचारावं.

स्वाधारमध्ये पुण्यासाठी वर्षाला भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे ६०,००० ठरलेले आहेत. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचा खर्च १,४८,५०० होतो. म्हणजे योजना निम्माही भार उचलत नाही. शिवाय पैसे आधार जोडलेल्या खात्यात हप्त्यांनी येतात आणि उशीर झाल्याच्या तक्रारी दरवर्षी असतात. ही रक्कम दुसऱ्या सत्रासाठी धरावी. तिच्या भरवशावर डिपॉझिटची तारीख देऊ नये. भाड्याने राहत असल्याचा पुरावा अर्जाला जोडावा लागतो, त्यामुळे पावती किंवा करार देणार नाही म्हणणारा मालक इथेही महागात पडतो.

मग पहिल्या महिन्याचं काय? शैक्षणिक कर्ज काढणारच असाल, तर त्यात राहण्या-जेवणाचा खर्चही धरता येतो. पुष्कळ जण फक्त फीचा आकडा बँकेत देतात आणि नंतर डिपॉझिटसाठी हातउसने किंवा सावकारी व्याजाने पैसे घेतात. कॉलेजकडून होस्टेल-मेससह खर्चाचं पत्र घेऊन अर्जाला जोडलं तर हे टळू शकतं.

कमी खर्चात राहायची सोय करणाऱ्या संस्थाही आहेत. पुण्यात १९५५ पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. अशा ठिकाणी अर्ज करून मुलाखत द्यावी लागते आणि जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाच्या याद्यांची वाट न बघता चौकशी सुरू करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजनाही आहे. तिथल्या मानधनातून बस आणि रविवारचं जेवण निघू शकतं, डिपॉझिट नाही.