विहिरीचं पाणी आणि नागपूरच्या टेकड्या

गटाची सहल म्हटली की आपण बहुतेक वेळा देवदर्शनाला जातो. आज आम्ही जरा वेगळी सहल सुचवतो आहोत. नागपूरचा अजब बंगला पाहायचा आणि तिथून सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर जायचं. त्याचा आपल्या घराशी काय संबंध, असं विचाराल. एकाच धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन विहिरी असतात. एकीला उन्हाळ्यातही पाणी असतं, दुसरी मार्चमध्येच कोरडी पडते. असं का होतं, ते दगड समजले की कळतं.

अजब बंगला म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ साली सुरू झालं. तिथे जतन केलेले पशुपक्षी पाहा, पण दगड आणि जीवाश्म यांच्यापाशी जास्त वेळ थांबा. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. हाड, शिंपला किंवा बी चिखलात दबतं, वर थरावर थर साचतात. पाण्यातले क्षार आत शिरतात आणि फार मोठ्या काळात त्याचा दगड होतो.

आता टेकडीवर चला. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाच्या आहेत. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असं पुन्हा पुन्हा झालं. टोपल्यात भाकरी रचाव्यात तसे थर बसले. हाच दगड झिजून आपली कपाशीची काळी माती झाली.

दोन थरांच्या मधे कधी कधी मोठा काळ जाई. त्या काळात तळी साचत, झाडं उगवत. नागपुरात राहणारे स्टीफन हिस्लॉप यांना १८५०च्या दशकात टाकळी भागात अशाच मधल्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, माशांचे अवशेष आणि बिया सापडल्या. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

आता विहिरीकडे येऊ. अखंड काळा दगड पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या फटींत आणि दोन थरांच्या मधल्या जागेत. तुमच्या विहिरीला अशी फट लागली तर पाणी लागतं. शेजारणीची विहीर त्याच खोलीची असली, पण खाली अखंड दगड असला, तर ती कोरडी जाते. नशिबाला किंवा कुणाच्या पायगुणाला बोल लावायचं कारण नाही. घरात आलेल्या नव्या सुनेला तर मुळीच नाही.

नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेला हा काळा दगड, तर पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्याही आधीचा खडक. म्हणून काटोलकडच्या बाईचा विहिरीचा अनुभव मौद्याकडच्या बाईला जसाच्या तसा लागू पडत नाही.

अजून एक गोष्ट ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे दगड झालेली डायनासोरची विष्ठा सापडते. ती तपासल्यावर तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले. त्यांत भाताच्या कुळातलं गवतही होतं. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे जगाला शेणासारख्या गोष्टीतून कळलं. शेण हाताळणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटायला नको!

सहलीला निघताना संग्रहालयाचा सुट्टीचा दिवस आणि वेळ आधी विचारून घ्या. सकाळी संग्रहालय पाहा आणि ऊन उतरल्यावर टेकडीवर जा. मुलींना सोबत न्या. वाटेत उतार खरवडलेला दिसला तर थांबा आणि वरची माती, खालचा मुरूम, त्याखालचा दगड असा क्रम मुलींना दाखवा. दगड फोडू नका, घरीही आणू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तो रोज उघडा नसतो.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत एक काम करा. गावातल्या प्रत्येक विहिरीत किती हातांवर मुरूम संपला, कुठे दगड लागला आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, ते वहीत लिहा. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना थर पाठ असतात. कुणी कर्ज काढून बोअर मारणार असेल, तर आधी ही वही घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा आणि सल्ला घ्या. बोअर कोरडी गेली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. तो आपल्याच बचतीतून जातो.