आधी शिल्लक मोजावी, मग सल्ला मागावा

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी दुकानातील माल मोजण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. बोदवडसारख्या कापसाच्या पेठेत, गोदामात किती गाठी शिल्लक आहेत हे ठाऊक नसताना नवा सौदा करणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाही. बँकेचे कॅश क्रेडिट घेतलेल्यास साठ्याचे विवरणपत्र द्यावे लागते आणि तपासणीस आलेला अधिकारी कागदावरील आकडा गोदामातील मालाशी ताडून पाहतो. हीच शिस्त आता घरातील तरुण संगीतकाराच्या संगणकालाही लागू करण्याची वेळ आली आहे.

पर्युषणातील स्तवने वा घरगुती कार्यक्रमांची गीते आजची पिढी घरच्या खोलीतच ध्वनिमुद्रित करते. त्यासाठी मुख्य सॉफ्टवेअरला जोडली जाणारी छोटी साधने म्हणजे ‘प्लग-इन’. कोणी तबल्याचा वा सतारीचा आवाज पुरवते, कोणी गळ्याच्या आवाजाला दिवाणखान्याचा घुमारा देते, कोणी नको तो आवाज गाळते. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि निरनिराळ्या कंपन्यांची साधने एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसू लागली. ॲपलच्या संगणकांवर ‘ऑडिओ युनिट’ ही पद्धतही चालते. सोय वाढली, तसा साठाही वाढला. सवलतीच्या दिवसांत घेतलेली, फुकट मिळालेली, चाचणीपुरती उतरवलेली साधने मिळून संख्या पाहता पाहता शंभरावर जाते आणि मालकालाच आपल्याजवळ काय आहे ते आठवत नाही.

अशा वेळी तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारतो, ‘या गाण्यात आवाज गढूळ येतो, काय करू?’ सहायक उत्तर तत्काळ देतो. पण दूरच्या यंत्रावर चालणाऱ्या त्या सहायकाला समोरच्याचे गोदाम दिसत नसते. त्याने वाचलेल्या मजकुरात ज्या साधनांची नावे वारंवार आली, तीच तो सुचवतो. परिणाम असा की, संगीतकार नसलेले साधन शोधत बसतो किंवा घरात तेच काम करणारे दुसरे साधन असताना नवे विकत घेतो. एकाच मालाची दोनदा खरेदी म्हणजे अडकलेले भांडवल, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

उपाय सोपा आहे : सहायकाला आधी साठ्याची यादी द्यावी. विंडोज संगणकावर ‘प्रोग्राम फाइल्स’मधील ‘कॉमन फाइल्स’ आणि त्यातील ‘व्हीएसटी३’ या फोल्डरात बहुतेक नवी साधने सापडतात. ॲपलवर ‘लायब्ररी’, ‘ऑडिओ’, ‘प्लग-इन्स’ या वाटेने ती मिळतात. ‘रीपर’सारखे सॉफ्टवेअर तपासलेल्या साधनांची यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते, तीही उपयोगी पडते.

मात्र नुसत्या फाईलच्या नावांवर विसंबणे म्हणजे गोदामाच्या पाटीवरून माल मोजणे होय. वेव्हज कंपनीच्या ‘वेव्हशेल’ या एकाच फाईलआड अनेक साधने असतात. ‘कॉन्टॅक्ट’ यादीत एका ओळीत दिसते, पण वाद्यांचे संग्रह त्याच्या पोटात असतात. याउलट, परवान्याची मुदत संपलेल्या साधनाची फाईल जागेवर असते, काम मात्र करीत नाही. म्हणून यादीला पाच रकाने असावेत : नाव, कंपनी, काम, आवृत्ती आणि परवान्याची स्थिती. कच्ची यादी सहायकाकडून वर्गवार लावून घ्यावी. जे नाव ओळखता येत नाही त्याचा अंदाज न करता ‘अज्ञात’ लिहावे, असे त्याला बजावावे. मग प्रत्येक नोंद स्वतः साधन उघडून ताडावी. सही करणारा माणूसच असतो. जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.

यादी देताना अनुक्रमांक, पासवर्ड व ईमेल वगळावेत. सहायकाला संगणक वाचण्याची परवानगी द्यायचीच असेल, तर ती त्या एका फोल्डरापुरती आणि केवळ वाचण्याची असावी. तिजोरीची किल्ली कोणी मापाड्याच्या हाती देत नाही.

मोजणीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. परवान्याच्या रकान्यात ‘मित्राकडून आणलेले’ असे लिहावे लागले, तर तो माल आपला नव्हे. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे; त्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय कैद टाळू शकते. पण सचोटीने पेढी चालवणाऱ्या घराला कायद्याआधी मनच अडवते. अशी नोंद यादीतून व संगणकातूनही काढून टाकावी.

एवढे झाले की सल्ल्याचा सूर बदलतो. ध्वनिमुद्रणात शिरलेली विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झवर असते. ती कमी करण्यास मुख्य सॉफ्टवेअरसोबत मिळालेला इक्वलायझरही अनेकदा पुरतो, हे सहायक मग यादीत पाहूनच सांगतो. खरेदीची यादी आखडते आणि रियाजाला वेळ उरतो. ज्याची शिल्लक चोख, त्याचा सौदाही चोख. हा पेढीवरचा नियम सुरांच्या व्यवहारातही खरा ठरतो.