मुलांच्या अंगणातले धडे

लहान मुलांत काही काळ हौसेने काम करावे असे पुष्कळांना वाटते. कोणी निवृत्त गुरुजी असतात, कोणी कॉलेजात जाणारा तरुण, कोणी घरचे आटोपून तासभर अंगणवाडीत येणारी आजी. मुलांना चार गोष्टी शिकवू, एवढेच मनात असते. शिकवावे, त्यात वावगे काही नाही. पण या कामात पहिला धडा मोठ्या माणसालाच गिरवावा लागतो. तो त्याने टाळला, तर नुकसान मुलाचे होते.

हे प्रथम कोणी दाखवले, ते पाहा. बोर्डी हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते ठाणे जिल्ह्यात होते. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी पूर्वी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेले; बालशिक्षणाचा त्यांचा व्यासंग मोठा. तरीसुद्धा गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही,’ असे म्हणून दुसऱ्या कोणी दार लावून घेतले असते. या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली! पुढे १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले आले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथे शंभरांत सुमारे ६९ माणसे आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली. कोणाच्या घरी पावरी बोलतात, कोणाच्या घरी भिली, तर नवापूरकडे मावची. अशा घरातले चार वर्षांचे मूल आपल्यासमोर येते आणि आपण त्याला पुस्तकी मराठीत विचारतो, “बाळ, तुझे नाव काय?” ते गप्प राहते. आपण लगेच मनाशी म्हणतो, मूल मंद दिसते. एकदा हा शिक्का बसला, की तो पुढे पहिलीत, दुसरीत त्याच्याबरोबर चालत राहतो. खरे म्हणजे अडले होते कोणाचे? त्याची भाषा आपल्याला येत नव्हती.

म्हणून जो कोणी मुलांत जाईल, त्याने आधी मुलांकडून दहा शब्द शिकावेत. झाडाचे नाव, भाकरीचे, बकरीचे. आपला उच्चार चुकला की मुले खदखदून हसतात. हसू द्यावे! तेच मग आपल्याला सुधारतात, आणि मघाचे गप्प मूल बोलू लागते. चिंचोके मोजायला दिले, की ज्याला ‘आकडे येत नाहीत’ असे आपण म्हणत होतो, तेच मूल वाटणी बरोबर करते.

दुसरा धडा रागावर आवर घालण्याचा. दिवाळीनंतर काही मुले एकाएकी दिसेनाशी होतात. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. लेकरू मागे ठेवायचे कोणापाशी? गैरहजेरीबद्दल बोल लावण्याआधी त्याच्या घराची वाट एकदा चालून यावी. परत आलेल्या मुलाला “कुठे होतास इतके दिवस?” असे दरडावू नये. त्याची जागा राखून ठेवलेली त्याला दिसावी.

आणि तिसरा धडा शब्द पाळण्याचा. ‘मंगळवारी गोष्ट सांगेन,’ असे आपण सहज बोलून जातो. मूल मात्र ते धरून बसते. मंगळवारी आपण गेलो नाही, तर पुढच्या खेपेला ते आपल्याजवळ सरकणार नाही. तेव्हा जमेल तेवढेच कबूल करावे. आठवड्यातून एकच तास द्या, पण तो चुकवू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढे करून पाहा : वर्गातले सर्वांत गप्प मूल निवडा, त्याच्याशेजारी जमिनीवर बसा, आणि त्याच्या घरी पावसाला काय म्हणतात, ते त्यालाच विचारा.