बोटीत इंधन भरताना हवेची वाट अडवू नका

सुट्ट्यांचे दिवस आले की अलिबाग, मांडवा, गणपतीपुळे, मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यांवर छोट्या मोटरबोटींची लगबग सुरू होते. एक फेरी संपवून आलेली बोट, पुढच्या फेरीसाठी रांगेत उभे असलेले पर्यटक आणि मधल्या पाच मिनिटांत कॅनमधून घाईघाईने टाकीत ओतले जाणारे पेट्रोल, असे दृश्य तेथे दिसू शकते. समुद्रावर जाणाऱ्याला भीती वाटते ती लाटांची आणि वाऱ्याची. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या बोटीच्या बाबतीत मात्र एक मोठा धोका बोट जेटीला बांधलेली असतानाच उद्भवतो. इंधन भरून झाल्यावर इंजिनाची किल्ली फिरविली जाते, तोच तो क्षण.

मोटारीत रोज पेट्रोल भरणाऱ्या शहरी माणसाला यात विशेष काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हल्ली हौसेने छोटी बोट विकत घेणारेही वाढत आहेत आणि त्यातील अनेकांचा समज असाच असतो. प्रत्यक्षात मोटार आणि बोट यांच्या रचनेत एक मूलभूत फरक आहे आणि इंधन भरतानाचे बहुतेक नियम त्या एका फरकातूनच आले आहेत.

तळाशी साचणारी वाफ

इंधनाची टाकी 'रिकामी' झाली असे आपण म्हणतो, पण ती कधीच रिकामी नसते. पेट्रोल संपते तसतशी तिची जागा हवा आणि पेट्रोलची वाफ घेत असते. टाकीत ५० लिटर पेट्रोल भरले की तेवढीच, म्हणजे सुमारे ५० लिटर वाफमिश्रित हवा बाहेर पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर न जाता खाली उतरते. मोटारीचा तळ उघडा असल्याने ही वाफ रस्त्यावर पसरते आणि वाऱ्याने विरून जाते. बोटीचा तळ मात्र पाणी आत येऊ नये म्हणून मुद्दाम बंद केलेला असतो. जो तळ पाण्याला आत येऊ देत नाही, तो वाफेलाही बाहेर जाऊ देत नाही. ही जड वाफ तळाच्या पोकळीत, ज्याला नाविक 'बिल्ज' म्हणतात, तेथे साचून राहते.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर पेट घेण्यास एक ठिणगी पुरते. बॅटरीचे सैल टोक, पाणी उपसण्याचा छोटा पंप किंवा स्टार्टर यांपैकी कशातूनही ती ठिणगी उडू शकते. पेट्रोलला वाफ होण्यासाठी उष्णताही लागत नाही. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडते. कोकणातील उन्हात काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी. डिझेलची वाफ इतक्या सहजी होत नाही, त्यामुळे डिझेलच्या नौकांमध्ये हा धोका बराच कमी असतो. मात्र डिझेल बोटीवर काम केलेला खलाशी त्याच सवयीने पेट्रोलची बोट हाताळू लागला, की धोका वाढतो.

भरण्याचा क्रम

इंधन शक्यतो दिवसाउजेडी भरावे. बोट जेटीला घट्ट बांधावी, इंजिन बंद करावे आणि सर्व प्रवाशांना खाली उतरवावे. विजेची सर्व बटणे, शेगडी व विडी-सिगारेट बंद हवी. केबिनची दारे, खिडक्या आणि तळाची झाकणे भरतेवेळी लावून घ्यावीत, म्हणजे बाहेर पडणारी वाफ आत शिरत नाही.

आउटबोर्ड इंजिनाची सुटी टाकी असेल तर ती बोटीतून काढून जेटीवर, जमिनीला टेकवून भरावी. बोटीत ठेवूनच नरसाळ्याने पेट्रोल ओतण्याची पद्धत सोयीची वाटली, तरी सांडलेला प्रत्येक थेंब तळातच जातो. प्लास्टिकच्या फळीवर किंवा टेम्पोच्या हौद्यात ठेवलेल्या कॅनमध्ये पेट्रोल भरू नये. वाहत्या इंधनामुळे स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि कॅन जमिनीवर नसेल तर तो निघून जाण्यास वाट मिळत नाही. पंपावर भरताना नोझलचे तोंड टाकीच्या धातूच्या कडेला टेकलेले असावे, हा नियमही त्यासाठीच आहे.

पक्क्या टाकीच्या बोटीत झाकण उघडण्यापूर्वी ते कशाचे आहे, हे वाचून घ्यावे. डेकवर इंधनाचे, गोड्या पाण्याचे आणि क्वचित सांडपाण्याचे तोंड जवळजवळ असते. गळ टाकण्याची काठी उभी करण्यासाठी डेकमध्ये बसविलेली नळीही नवख्याला तशीच दिसते. तिच्यात पेट्रोल ओतले गेले, तर ते सरळ तळात उतरू शकते.

किती लिटर लागणार याचा अंदाज आधी घ्यावा, नोझलचा दट्ट्या हातानेच दाबून धरावा आणि टाकी काठोकाठ भरू नये. तापमान १० अंशांनी वाढले तर १०० लिटर पेट्रोलचे आकारमान सुमारे एक लिटरने वाढते. पंपाच्या जमिनीखालील थंड टाकीतून आलेले इंधन उन्हात उभ्या बोटीत फुगते आणि हवेच्या नळीवाटे समुद्रात सांडते. त्यामुळे पाच ते दहा टक्के जागा मोकळी ठेवणे इष्ट.

भरून झाल्यावर झाकण घट्ट लावावे, सांडलेले पुसून घ्यावे आणि ती चिंधी बोटीत न ठेवता किनाऱ्यावर उघड्यावर वाळवावी. त्यानंतर दारे, खिडक्या आणि तळाची झाकणे उघडावीत. इंजिन बोटीच्या आत असेल तर ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा. अमेरिकेत अशा पेट्रोल बोटींवर तशी सूचना लिहिणे सक्तीचे आहे. शेवटची तपासणी नाकाने करावी. वाकून तळाशी वास घ्यावा; उभ्याने घेतलेल्या वासाला अर्थ नाही, कारण वाफ खाली असते. वास येत असेल तर किल्लीला हात लावू नये. वास नसेल तर इंजिन सुरू करावे आणि मगच प्रवाशांना चढवावे.

नोझल वारंवार का बंद पडते?

टाकी निम्मीही भरलेली नसताना नोझल 'खट्' करून बंद पडते, पुन्हा दाबले की पुन्हा बंद पडते, ही अनेक बोटमालकांची तक्रार असते. दोष बहुधा पंपाला दिला जातो. नोझलचे काम कसे चालते हे पाहिले तर खरे कारण लक्षात येते.

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. इंधन वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. हे छिद्र इंधनाने किंवा फेसाने झाकले गेले की हवा मिळेनाशी होते, आतील पडदा खेचला जातो आणि दट्ट्या सुटतो. म्हणजे टाकी भरली की नाही, हे नोझलला कळत नाही. आपल्या टोकापाशी इंधन आले, एवढेच त्याला कळते. टाकी रिकामी असताना नोझल बंद पडत असेल, तर इंधन नळीतून उलटे वर येत आहे आणि टाकीतील हवेला बाहेर जाण्याची वाट मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

ही वाट म्हणजे टाकीपासून बोटीच्या बाजूपर्यंत आलेली हवेची बारीक नळी, अर्थात व्हेंट. भरण्याची नळी सर्वसाधारणपणे दीड इंच व्यासाची, तर हवेची त्याच्या निम्म्याहूनही बारीक असते. साहजिकच प्रथम तीच तुंबते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते. खाऱ्या पाण्याने जाळीवर मिठाचा थर धरतो. कधी नळी मध्येच झोळ पडून लोंबते आणि त्या खोलगट भागात इंधन किंवा पाणी साचून हवा अडते.

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम नोझल थोडे बाहेर ओढून आणि पाव वळसा फिरवून सावकाश भरून पाहावे. बोट ट्रेलरवर असेल तर ती सपाट जागी आणावी. ट्रेलर कलता असेल, तर टाकीवरील हवेचे तोंड इंधनाखाली बुडते. त्यानंतर इंधन भरताना व्हेंटजवळ कान द्यावा. हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज येत नसेल, तर अडथळा तेथेच आहे. भरणे थांबवून बाहेरची जाळी साफ करावी, नळीचा मार्ग हाताने चाचपून झोळ असल्यास काढावा. नळी दोन्ही टोकांनी सोडवून हलकी फुंकर मारली असता हवा मोकळी गेली पाहिजे. टाकीला जोडलेल्या नळीत मात्र कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नये. टाकीचे सांधे त्याने उकलू शकतात.

व्हेंट मोकळा असेल तर भरण्याची नळी तपासावी. ती चेपली गेली, मुरडली किंवा फार आडवी गेली असेल, तर इंधन पुढे उतरत नाही. अलीकडच्या काही बोटींत वाफ रोखण्यासाठी आणि टाकी अति भरू नये म्हणून झडपा बसविलेल्या असतात. त्यांपैकी एखादी अडकली तरी हीच लक्षणे दिसतात, पण ती दुरुस्ती जाणत्या मेकॅनिकवरच सोपवावी.

नोझलशी झटापट करून, थेंबाथेंबाने का होईना, टाकी भरून घेण्याचा मोह होतो. त्यात दोन तोटे आहेत. दाबाखालील इंधन उलटे उसळून अंगावर व डेकवर येते आणि मूळ दोष तसाच राहतो. तुंबलेला व्हेंट पुढे समुद्रातही अडवणूक करतो. इंधन वापरले जाते तशी टाकीत हवा आत यावी लागते. ती न आल्यास टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि भर वेगात इंजिन धापा टाकत बंद पडते. सुट्या टाकीच्या नळीवरील रबरी बल्ब चपटा होऊन तसाच राहिला, तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे असे समजावे. अशा वेळी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे का, हे आधी पाहावे. बहुतेकदा तो उघडायचा राहिलेला असतो. टाकीची ने-आण करताना मात्र तो बंद हवा.

कॅन, कायदा आणि इथेनॉल

बंदरांवर मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप असतात, पण तेथे मिळते ते मुख्यतः डिझेल. पेट्रोलच्या छोट्या बोटींना रस्त्यावरील पंपातून कॅन भरून आणावे लागतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते आणि धातूच्या भांड्याची मर्यादा २५ लिटर आहे. खाद्यतेलाचे किंवा पाण्याचे प्लास्टिकचे कॅन या कामासाठी नाहीत.

आणखी एक बदल बोटमालकांनी ध्यानात घ्यावा. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के दिलेली आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन वेगळे पडतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी इंधन उचलते तीही तळातूनच. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने लवकर खराब होतात. म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसविणे, नळ्या दर हंगामापूर्वी तपासणे आणि पावसाळ्यापूर्वी सुटी टाकी रिकामी करणे आवश्यक ठरते.

सांडले तर?

पेट्रोल तळात सांडल्यास इंजिन किंवा विजेचे कोणतेही बटण सुरू करू नये. पाणी उपसण्याचा पंपही नाही आणि ब्लोअरही नाही. सर्वांना उतरवून झाकणे उघडावीत, चिंध्यांनी इंधन टिपून घ्यावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. पाण्यावर तवंग आला म्हणून त्यावर साबणाचे पाणी ओतणे चुकीचे आहे. त्याने तवंग दिसेनासा होतो, इंधन पाण्यातच राहते. आग लागलीच, तर पेट्रोलवर पाणी टाकू नये. ते पाण्यावर तरंगत जळते आणि आग पसरते. कोरड्या पावडरचे किंवा फेसाचे अग्निशामक भरण्याच्या जागेपासून हाताच्या अंतरावर असले पाहिजे.

बोटीत केवळ फेरीसाठी बसणाऱ्या पर्यटकालाही यातून घेण्यासारखे आहे. आपण बसलेलो असताना इंधन भरले जात असेल, तर 'आधी आम्ही उतरतो, मग भरा' असे सांगण्यात संकोच करू नये. भरून झाल्यावर पायाशी पेट्रोलचा वास येत असेल, तर तो बोटवाल्याच्या नजरेस आणून द्यावा. या साऱ्याला लागतात ती जेमतेम दहा मिनिटे. रांगेतील पर्यटकांना तेवढा वेळ थांबविणाऱ्या बोटवाल्यावर रागावण्यापेक्षा त्याच्याच बोटीत बसणे अधिक शहाणपणाचे.