हलकी होडी, जड निर्णय



सन २००० मध्ये या देशात एका होडीचा मोठा गाजावाजा झाला. जुन्या मंडळींना आठवत असेल, 'टीम फिलिप्स' तिचं नाव. पीट गॉस या दर्यावर्दीने ती डेव्हनमधल्या टॉटनेस गावी बांधवून घेतली, पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी. शर्यत ३१ डिसेंबरला बार्सिलोनाहून सुटणार होती.

होडी कसली, दोन सडपातळ होड्या शेजारी ठेवून वरून पुलासारख्या जोडलेल्या! लांबी १२० फूट, रुंदी ७० फूट. आपल्या कोकणातली गलबतं सागवानी, जाडजूड. ही मात्र कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेली. हलकी होडी पाण्यात कमी बुडते, म्हणून जोरात पळते. पण मुलांनो, लाट होडीला नुसती ढकलत नाही. ती वाकवते, पिळतेसुद्धा. ते सगळं सोसायची ताकद हलकेपणातही राखावी लागते.

मार्चमध्ये लंडनला खुद्द राणी एलिझाबेथच्या हस्ते होडीचं नामकरण झालं. थोड्याच दिवसांत सिली बेटांजवळ चाचणी चालू असताना डाव्या होडीचा पुढचा सुमारे ४५ फुटांचा भाग मोडून पडला. दुरुस्ती झाली. डिसेंबरात अटलांटिकमध्ये वादळाने गाठलं आणि माणसं राहायची ती मधली खोलीच तुटू लागली. गॉसने मदत मागितली. 'होएक्स्ट एक्स्प्रेस' या जर्मन मालवाहू जहाजाने सातही जणांना सुखरूप वर घेतलं. होडी समुद्रातच सोडावी लागली.

कित्येक लोकांनी पैसे भरून त्या होडीवर आपली नावं घातली होती. मग नावं ठेवणारेही निघाले! पण हाच गॉस डिसेंबर १९९६ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत होता. राफाएल दिनेली या फ्रेंच खलाशाची होडी बुडतेय हे कळताच तो भर वादळात मागे फिरला आणि त्याला वाचवून आणलं. शर्यतीपेक्षा जीव मोठा, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

आपले पूर्वजही नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बाया, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गलबताचं नाव आज कुणालाच माहीत नाही. वाचलेल्यांची लेकरं मात्र आपण इथवर आलो.