शेक संपला, पण लघवी आवरत नाही? संकोच सोडा!

मूलकडे रोवणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे बांधीवर असतात. अशा वेळी एखादे आजोबा एकटेच घरी बसून राहतात. "बरं नाही" एवढेच सांगतात. खरे कारण निराळे असते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर नागपूरला जाऊन त्यांनी शेक, म्हणजे किरणोपचार, घेतलेला असतो. रोग आटोक्यात आला. पण लघवी कपड्यातच होते. मग एस.टी.चा प्रवास नको, लग्न नको, विहारातली सभाही नको! बायकोलासुद्धा सांगायची लाज वाटते. आम्ही अशा सर्व वडीलधाऱ्यांना सांगू इच्छितो, की हा म्हातारपणाचा भोग नव्हे. यावर इलाज आहेत.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते. तिच्यावर सोडलेले किरण शेजारच्या मूत्राशयालाही लागतात. आतले अस्तर सुजते, पुढे पिशवी आखडू शकते. हा त्रास काहींना शेक चालू असतानाच होतो, तर काहींना काही वर्षांनी. म्हणून डॉक्टरांना शेक घेतल्याचे आवर्जून सांगावे व जुने कागद सोबत न्यावेत. आधी लघवी तपासतात. जंतुसंसर्ग किंवा मार्गात अडथळा असेल तर त्याचा इलाज वेगळा असतो.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच पाच सेकंद आवळावेत, पाच सेकंद सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. श्वास रोखू नये. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम बाळंतिणींसाठी मांडला. पुरुषांनाही तो उपयोगी पडतो. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ठरावीक वेळाने लघवीला जावे व ते अंतर हळूहळू वाढवावे. चहा कमी करावा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पाणी मात्र तोडू नये. घट्ट लघवीने जळजळ वाढते.

घाईची लघवी थांबत नसेल तर सोलिफेनासिन, मिराबेग्रॉन यांसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. पहिलीने तोंड कोरडे पडते, दुसरीने रक्तदाब वाढू शकतो; म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. गोळ्यांनी भागले नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची सुई देतात. खोकताना, ओझे उचलताना फारच गळत असेल तर शस्त्रक्रियेने कृत्रिम झडप बसवता येते. ती खर्चिक आहे आणि शेक घेतलेल्यांत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांशी नीट बोलूनच ठरवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे.

लघवीतून रक्त आले, ती अजिबात तुंबली किंवा ताप भरला, तर एक दिवसही थांबू नये.

आणि घरच्यांनो, आजोबांचे अंथरूण ओले दिसले तर नाक मुरडू नका. धुतलेली चादर अंथरा आणि म्हणा, "चला, दवाखान्यात जाऊन येऊ." इलाजाची सुरुवात तिथूनच होते.