रक्त कमी की पैसा कमी? डच भाषेत एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे होतात?

डच भाषेत ‘ब्लूटआर्म’ असं एक विशेषण आहे. ‘ब्लूट’ म्हणजे रक्त आणि ‘आर्म’ म्हणजे गरीब. बोलताना जोर ‘ब्लूट’वर दिला, तर अर्थ होतो अंगात रक्त कमी असलेला, म्हणजेच अ‍ॅनिमिक. पण ‘आर्म’वरही ठासून जोर दिला, तर तोच माणूस कफल्लक ठरतो! स्पेलिंग मात्र दोन्हींचं एकच.

‘स्टेनरेइक’चंही तसंच आहे. ‘स्टेन’ म्हणजे दगड, ‘रेइक’ म्हणजे श्रीमंत. पहिल्या भागावर जोर दिला तर दगडगोट्यांनी भरलेली जमीन. ‘रेइक’वर दिला तर गडगंज श्रीमंत. डचची सख्खी शेजारीण असलेल्या जर्मन भाषेतही हीच जोडी सापडते.

असं का होतं?

साध्या जोडविशेषणात पहिला शब्द आपला खरा अर्थ टिकवून असतो आणि जोरही त्याच्यावरच पडतो. ‘झेझीक’ म्हणजे समुद्रप्रवासात मळमळणारा. इथे ‘झे’ म्हणजे खराखुरा समुद्र. पण काही शब्दांत पहिला भाग फक्त ‘खूप’ एवढंच सांगतो. ‘आपेट्रॉट्स’मध्ये ‘आप’ म्हणजे माकड, पण पूर्ण शब्दाचा अर्थ ‘प्रचंड अभिमान वाटणारा’. माकडाचा इथे काहीच संबंध नाही. ‘स्टेनकाउट’ म्हणजे दगडासारखं थंड, हे एकवेळ समजतं. पण ‘स्टेनखूट’ म्हणजे एकदम मस्त! इथे दगड कुठून आला? तर ‘स्टेन’चा अर्थ झिजून ‘अतिशय’ उरला आहे. अशा शब्दांत दोन्ही भाग जोर घेतात.

आपल्याकडे लालभडक, हिरवागार, पांढराशुभ्र असे शब्द आहेतच. फरक इतकाच, की मराठीत रंग आधी आणि ठसका नंतर. डचमध्ये ठसका आधी. साम्यही आहे. ‘जास्त लालभडक’ म्हटलं की कानाला खटकतं. डचमध्येही ‘अधिक स्टेनरेइक’ असं कुणी म्हणत नाही, कारण ‘खूप’ शब्दातच बसलेलं असतं.

खरी गंमत लिहिताना होते. मेसेजमध्ये जोर ऐकू येत नाही. त्यामुळे ‘ब्लूटआर्म’ असलेल्या मित्राला डॉक्टर हवाय की उसने पैसे, हे पुढच्या-मागच्या वाक्यांवरूनच ओळखावं लागतं. अगदीच घोळ होणार असेल, तर डच लेखनात जोराच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ देण्याची सोय आहे.